समासातली औषधं

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटची लायब्ररी
मोडीत काढायचं ठरलं, तेव्हा
यादी करायला मला बसवलं.
मे महिना, सत्तेचाळीस डिग्री,
कूलर आहे, कूलरात पाणी नाही,
आणि सातशे बारा इंग्रजी पुस्तकं.
रजिस्टरात रकाने तीन:
चांगली, वाळवी लागलेली, लिहून खराब केलेली.

तिसऱ्या रकान्यात एकच हात.
मऊ पेन्सिल, बारीक मराठी,
आयुष्यभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लावून लावून
स्वतःचं अक्षर हट्टाने सुवाच्य ठेवलेल्या माणसाचं.
सुपडू झोपे, कंपाउंडर, रेल्वे दवाखाना.
आडनाव झोपे आणि ड्यूटी कायम रात्रीची.

कादंबरीत मुलगी पावसात भिजते,
तीन प्रकरणं तापात काढते.
डॉक्टर घोडागाडीतून येतो, नाडी धरतो,
खिडकीबाहेर बघतो, शेरी पिऊन जातो.
समासात: छाती ऐकलीच नाही.
न्यूमोनिया. पेनिसिलिन, दर सहा तासांनी.
ताकातल्या कण्या.

मुलगा बोर्डिंगात खोकतो,
लेखक त्याच्या गालांच्या लालीवर पानभर लिहितो.
समासात: लाली कसली, संध्याकाळचा ताप.
वजन करा. गोळ्या सहा महिने,
एक दिवस चुकवायचा नाही.
लघवी तांबडी होईल, घाबरू नये.

म्हातारीला समुद्राच्या हवेवर पाठवतात.
इथून समुद्र साडेचारशे किलोमीटर.
मनुदेवीला न्यावे. झाडी आहे, पाणी आहे.

लेखकांनाही सोडलं नाही.
प्रस्तावना वाचायचे झोपे, बारीक टाइपातली.
कुणी दाढ दुखते म्हणून अफूचे थेंब घेतले
आणि मरेपर्यंत घेतच राहिला:
दाढ काढायला हवी होती.
कुणी आंधळा होऊन पोरींना मजकूर सांगत होता:
पोरींच्या डोळ्यांचं कोण बघतंय?

एका पातळ कवितासंग्रहाशी
पेन्सिल बराच वेळ थबकलेली, टिंबं टिंबं.
कवी औषधं शिकलेला, पंचविशीत गेलेला.
आमच्यातला, एवढंच आधी.
मग खाली: उशीवरचा डाग बघून
निदान त्याचं त्यानेच केलं.
बाकीच्यांनी अजून रक्त काढलं, वर उपाशी ठेवलं.
औषधाची गाडी सव्वाशे वर्षं लेट.

मी हसले होते इथे.
चहा मागवला, पंख्याखाली सरकले,
पुढचं पुस्तक ओढलं.

जाडसर, निळ्या कापडाचं.
मागच्या चिठ्ठीवर त्यांचंच नाव सहा वेळा,
चौसष्टपासून शहाण्णवपर्यंत,
दर वेळी मुदतीत परत.
त्यात सहा वर्षांची पोर घटसर्पाने जाते.
दोन पानं जाते. मेणबत्ती, देवदूत, बर्फ.
समासात औषध नाही.
फिकट अक्षरं, जवळजवळ पुसलेली:
११ ऑगस्ट, पहाटे ४.१०.
सीरम मनमाडला पोचलं होतं.

दारात रद्दीवाला काटा घेऊन उभा.
ताई, हे कोन्त्या भावानं?
मी म्हटलं, थांब जरा.

लेखक पुढे शोकात बुडालेला,
त्याच्या लक्षातही नाही की
एकशे नव्वदाव्या पानावर
धाकटी बहीण म्हणते, गिळताना दुखतं,
आणि जेवणाच्या टेबलावरून उठून जाते.
ती परत येतच नाही गोष्टीत,
मरतही नाही, जगतही नाही,
विसरली जाते.

तिथे पेन्सिल वेगळी आहे, गडद,
पुष्कळ वर्षांनंतरची. दाबून लिहिलेली,
पुढच्या तीन पानांवर वळ उमटलेत,
बोटाने वाचता येतात:
हिचाही घसा बघा.
आजच.